एअर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये गुणवत्ता सुधारायला सुरुवात कुठून करावी?

एकच गोष्ट धरा: श्वासनलिकेतल्या ट्यूबच्या कफचा, म्हणजे ट्यूबभोवती हवेने फुगवलेल्या छोट्या पिशवीचा, दाब. मुंबई समुद्रसपाटीला, विमान वर गेलं की केबिनमधली हवा ८,००० फुटांवरच्याइतकी विरळ होऊ शकते आणि कफ सुमारे एक तृतीयांशाने फुगू पाहतो. दाब ३० सेंमी पाण्याच्या वर गेला की श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा घटतो. वर हवा काढली असेल, तर उतरताना तो २० च्या खाली जाऊन गळती होते. म्हणून मॅनोमीटरने (दाब मोजणाऱ्या उपकरणाने) चार नोंदी घ्या: निघण्यापूर्वी, वर स्थिरावल्यावर, उतरताना, रुग्ण सोपवताना. कफला जोडलेला बाहेरचा फुगा बोटाने चाचपून अंदाज बांधू नका. राहिलेली नोंद कोरीच ठेवा. आठवून भरली की या नोंदींवरचं संशोधनच बिघडतं. जुहूहून कमी उंचीवर जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या फेऱ्या वेगळ्या मोजा.