यथादर्शन की यथार्थदर्शन?

युरोपातील प्रबोधनकालीन चित्रकलेविषयी मराठीत लिहिताना ‘पर्स्पेक्टिव्ह’ला, म्हणजे सपाट चित्रात खोलीचा भास निर्माण करण्याच्या तंत्राला, यथार्थदर्शन म्हणावे, यथादर्शन म्हणावे की सरळ दृष्टिकोन, असा प्रश्न आला आहे. ‘दृष्टिकोन’ हा शब्द एखाद्याच्या मताशी इतका जोडला गेला आहे की चित्रतंत्रासाठी तो आता मोकळा उरलेला नाही. उरलेले दोन्ही शब्द कलाविषयक लेखनात आढळतात. माझा कौल यथादर्शनाला आहे.

यथार्थ म्हणजे वस्तू जशी आहे तशी, आणि यथादर्शन म्हणजे ती जशी दिसते तशी. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण या तंत्राचे सारे मर्म त्यातच आहे. फ्लॉरेन्समधील सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये मासाच्चो याने १४२७ च्या सुमारास ‘ट्रिनिटी’ हे भित्तिचित्र रंगवले. त्यात सपाट भिंतीच्या आत एक खोल कमानदार दालन असल्याचा भास होतो, कारण छताचे चौकोनी कप्पे मागे जाता जाता लहान होत जातात आणि त्यांच्या मागे जाणाऱ्या कडा वाढवल्या तर त्या चित्रातील क्रुसाच्या पायथ्यापाशी, साधारण प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एका बिंदूत मिळतात. खऱ्या दालनात हे कप्पे एकाच मापाचे असते. चित्रकाराने ती मापे जाणूनबुजून बिघडवली, म्हणूनच दालन खरे वाटते.

शिवाय हे दिसणे एका ठरावीक जागेवरूनच साधते. वास्तुरचनाकार ब्रुनेलेस्की याने फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचे चित्र काढून फळीला भोक पाडले होते. मागच्या बाजूने त्या भोकाला एक डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र पाहायचे, अशी ती योजना होती. इटालियन विद्वान आल्बेर्तीने १४३५ मधील चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात चित्राला उघड्या खिडकीची उपमा दिली, तीही याच जातीची. जर्मन चित्रकार ड्यूररने तर ‘पर्स्पेक्टिव्ह’च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘आरपार पाहणे’ असा सांगितला. या सर्वांत भर पाहण्यावर आहे, आणि ‘दर्शन’ तो अचूक पेलते.

रेषांखेरीज रंगाचेही यथादर्शन असते. लिओनार्दोने दूरचे डोंगर निळसर आणि धूसर रंगवले, कारण मधल्या हवेमुळे ते तसे दिसतात (आपले ‘दुरून डोंगर साजरे’ येथे अगदी अक्षरशः लागू पडते). त्यासाठी ‘वायवीय यथादर्शन’ असे म्हणता येते; ‘वायवीय यथार्थदर्शन’ म्हटले, तर तो निळा रंग डोंगराचाच असल्याचे कबूल करावे लागेल.