बुलेटची चासी ब्लास्ट करण्याआधी

जुन्या बुलेटची चासी स्वतःच ब्लास्ट करणार, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारून गंज आणि जुना रंग उडवणार, छान. पण नदीची वाळू भरून सुरुवात करणार असशील तर आधी थांब. वाळूचे कण आपटून फुटले की सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार एकदा झाला की बरा होत नाही. रुमाल बांधून काहीही साधत नाही. चासीला वाळूऐवजी गार्नेट (एक कठीण खनिज) किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण वापर, आणि तरीही हवा पुरवणारं हेल्मेट घालच. जुन्या रंगात शिसं असू शकतं.

टाकी आणि मडगार्डचं काम नाजूक. पत्र्यावर नोझल सरळ रोखून एकाच जागी धरलंस तर पत्रा ताणला जाऊन फुगतो, आणि तो पूर्ववत करणं डेंटरलाही जड जातं. दाब कमी ठेव, नोझल तिरकं धर, हात फिरता ठेव. इंजिनच्या कव्हरला काचेचे मणी उत्तम. पण तेलाच्या वाटा आधी बुजव. आत राहिलेले मणी बेअरिंगची वाट लावतात. क्रोमच्या वाटेला जाऊच नकोस.

पंक्चरवाल्याकडचा छोटा कंप्रेसर यात लगेच दम टाकतो. पावसाळ्यात तर हवेतलं पाणी लाइनमध्ये उतरतं, मीडियाचे, म्हणजे मारायच्या कणांचे, गोळे होतात, नोझल तुंबतं. पाणी अडवणारा फिल्टर लावच.

ब्लास्ट झालेल्या उघड्या लोखंडाला हातमोज्यांशिवाय शिवू नकोस. बोटांचे ठसेसुद्धा गंजून उमटतात. प्राइमर त्याच दिवशी मार.