लातूर लोकसभेला शिवराज पाटील चाकूरकर कधी हरले होते का?

हो, एकदाच, 2004 मध्ये. भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकरांनी त्यांना हरवलं. त्याआधी 1980 पासून 1999 पर्यंत चाकूरकर सलग सात वेळा निवडून आले होते, म्हणून आजही पारावर बसलेली म्हातारी माणसं 2004 चा निकाल कालच लागल्यासारखा सांगतात. रूपाताई म्हणजे माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांच्या सूनबाई. काँग्रेसच्या घरातली सून भाजपकडून उभी राहिली, ही गोष्ट मला त्या निकालाइतकीच महत्त्वाची वाटते. हरूनही चाकूरकर राज्यसभेवर गेले आणि देशाचे गृहमंत्री झाले.

पुढे 2009 पासून मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव आहे:
- 2009 जयवंतराव आवळे, काँग्रेस
- 2014 सुनील गायकवाड, भाजप
- 2019 सुधाकर शृंगारे, भाजप
- 2024 डॉ. शिवाजी काळगे, काँग्रेस

निवडणूक आयोगाच्या निकालात हे सगळं सापडेल. फक्त जुन्या-नव्या मतांची थेट तुलना करू नका. मतदारसंघांच्या हद्दींच्या पुनर्रचनेनंतर नांदेड जिल्ह्यातला लोहा लातूर लोकसभेत आहे, आणि लातूर जिल्ह्यातलं औसा मात्र धाराशिवच्या खासदारासाठी मत देतं.