‘विजेट स्टाइल करणे’ याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: टर्मिनलावर, म्हणजे फक्त अक्षरं दाखवणाऱ्या पडद्यावर, चालणाऱ्या एका प्रोग्रॅमची मार्गदर्शिका मराठीत करायची आहे. मुळात जागोजागी ‘विजेट स्टाइल करा’, ‘विजेटचं स्टायलिंग’ असे उल्लेख येतात. (विजेट म्हणजे बटण, यादी, मजकुराची चौकट असा पडद्यावरचा घटक.) तिथे ‘शैलीकरण’ लिहावं, ‘सजावट’ लिहावं, की ‘स्टाइल’च ठेवावं? आणि ‘टेक्स्ट-बेस्ड’साठी ‘मजकूर-आधारित’ चालेल का?

माझं मत आधी सांगतो. विजेटाला रूप द्यावं. ‘शैली’ हा शब्द सबंध प्रोग्रॅमसाठी राखून ठेवावा. ‘सजावट’ टाळावी. ‘मजकूर-आधारित’ऐवजी ‘अक्षरी’ म्हणावं.

‘शैली’ हा शब्द ‘शील’वरून आला आहे. शील म्हणजे स्वभाव, वळण. म्हणून लेखनशैली, गायनशैली, चित्रशैली असं आपण म्हणतो तेव्हा करणाऱ्याची एक रीत मनात असते आणि ती रीत त्याच्या अनेक कृतींमधून दिसते. एका बटणाला शैली नसते. पण प्रोग्रॅममधली सगळी बटणं, याद्या, मजकुराच्या चौकटी एकाच हाताने घडवल्यासारख्या दिसत असतील, तर त्या प्रोग्रॅमला शैली आहे असं खुशाल म्हणावं. ‘शैलीबद्ध करणे’ हा पर्याय तर इथे घातकच आहे. शैलीबद्ध चित्र म्हणजे वास्तवाशी तंतोतंत साम्य न राखता ठरावीक वळणाने काढलेलं चित्र. कलासमीक्षेत रुळलेला तो अर्थ आहे आणि बटणाला पिवळा रंग देण्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘शैलीकरण’ त्याच वाटेने जातं.

‘सजावट’ वेगळ्या कारणाने चुकते. सजावट काढून घेतली तरी वस्तू तशीच राहते, असं त्या शब्दात गृहीत आहे. टर्मिनलावर हे खरं नसतं. यादीतल्या दहा ओळींपैकी एक ओळ उलट्या रंगात (अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा रंग अदलून) दिसते, म्हणून तर आपण कुठे आहोत ते कळतं. तो फरक काढला की यादी वापरताच येणार नाही. तिथे रंग माहिती सांगत असतो.

आता ‘रूप’. या क्षेत्राची जुनी परिभाषा पाहिली, तर हाच शब्द मुळाला सर्वात जवळचा आहे असं दिसतं, आणि मला त्याचं फार समाधान वाटतं. टर्मिनलाला अक्षराचा रंग, ठळकपणा वगैरे सांगण्यासाठी जी आज्ञा पाठवतात, तिचं प्रमाणित नाव ‘सिलेक्ट ग्राफिक रेंडिशन’ आहे. टर्मिनलाच्या आज्ञा ठरवणाऱ्या ईसीएमए-४८ या मानकात ती आहे. त्या नावात ‘स्टाइल’ कुठेच नाही, ‘रेंडिशन’ आहे, म्हणजे अक्षर पडद्यावर ज्या रूपात उमटतं ते. त्या आज्ञेत १ हा आकडा ठळकसाठी, ४ अधोरेखितासाठी, ७ उलट रंगासाठी, ३० ते ३७ अक्षराच्या रंगांसाठी, ४० ते ४७ पार्श्वभूमीच्या रंगांसाठी, आणि ० म्हणजे सगळं पूर्ववत. १९७८ साली आलेल्या व्हीटी १०० टर्मिनलावर रंग नव्हते. ठळक, अधोरेखित, लुकलुकतं आणि उलट एवढ्यावरच भागवायचं होतं. पुढे ‘कर्सेस’ या लायब्ररीने (म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचाने) यांना ‘ॲट्रिब्यूट’ म्हटलं, म्हणजे गुणधर्म. ‘स्टाइल’ हा शब्द इथे वेब पानांचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेमुळे बळावला. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ‘टेक्स्च्युअल’सारख्या लायब्ररीत तर टर्मिनलावरच्या विजेटांसाठी सीएसएससारखीच वेगळी फाइल लिहिता येते. म्हणजे ‘स्टाइल’ ही अलीकडची उसनवारी आहे. ती आपण पुन्हा उसनी घ्यावी, अशी सक्ती नाही.

एक आनंदाची गोष्ट इथेच सांगतो. ‘बोल्ड’साठी ‘जाड’ की ‘ठळक’, असा वाद कधीकधी होतो. टर्मिनलाच्या बाबतीत ‘ठळक’च बरोबर, कारण १ या आज्ञेचा अर्थ मानकातच ‘जाड किंवा अधिक तेजस्वी’ असा दुहेरी आहे. काही टर्मिनलं अक्षर जाड करतात, काही नुसताच रंग उजळ करतात. ‘जाड’मध्ये दुसरा अर्थ बसत नाही. ‘ठळक बातम्या’ म्हणताना आपण शाईची जाडी मोजत नाही, उठून दिसणं एवढंच सांगतो. तो अर्थ इथे चपखल बसतो.

‘रूप’च्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या व्याकरणातली आहे. मराठीत नाम तेच राहतं, वाक्यातल्या कामाप्रमाणे त्याचं रूप बदलतं: घोडा, घोडे, घोड्याला, घोड्यांनी. विजेटाचंही तसंच असतं. तेच बटण एरवी एका रूपात असतं, फोकस आल्यावर (म्हणजे दाबलेली कळ त्यालाच लागू होणार असते तेव्हा) दुसऱ्या, दाबताना तिसऱ्या, आणि वापरता येत नसेल तेव्हा फिकट. प्रत्येक अवस्थेचं रूप आधी ठरवून ठेवायचं, हेच या कामाचं निम्मं अंग आहे. ‘फोकस असताना या विजेटाचं रूप कसं असावं ते इथे लिहा’, ‘सर्व बटणांना एकच रूप द्या’, ‘हे रूप फक्त निष्क्रिय विजेटांना लागू होतं’ ही वाक्यं वाचून पाहा. ‘या विजेटाचं शैलीकरण करा’ म्हणताना जीभ अडखळते, तशी इथे अडखळत नाही.

‘मजकूर-आधारित’मधला ‘आधारित’ कार्यालयीन भाषेतून आला आहे आणि तो हल्ली कशालाही चिकटतो. आपल्याकडे ‘अंकी’ आणि ‘अक्षरी’ ही सोपी जोडी आहे. रक्कम अंकी लिहितात आणि अक्षरी लिहितात. त्याच न्यायाने चित्रांच्या जागी अक्षरांनी उभा राहिलेला तो अक्षरी इंटरफेस. ‘मजकूर’ म्हटलं की वाचायचं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. टर्मिनलावरच्या रेघा, कोपरे, भरीव ठोकळे हे वाचायचे नसतात, पण तीही संगणकाच्या लेखी अक्षरंच असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, चौकटी आखण्यासाठी १२८ चिन्हांचा स्वतंत्र गट आहे: एकेरी रेघा, दुहेरी, जाड, गोल कोपऱ्यांच्या.

आता प्रश्नात नसलेला, पण मार्गदर्शिका लिहिताना हमखास अडवणारा शब्द. टर्मिनलाचा पडदा आडव्या-उभ्या रांगांमध्ये विभागलेला असतो. व्हीटी १०० वर ८० स्तंभ आणि २४ ओळी, म्हणजे १,९२० जागा होत्या. अशा एका जागेला इंग्रजीत ‘सेल’ म्हणतात. मराठीत तिला ‘घर’ म्हणावं. बुद्धिबळाच्या पटावर आणि शब्दकोड्यात आपण ‘घर’च म्हणतो, आणि एका घरात एकच सोंगटी हा नियमही सोबत येतो. ‘कोशिका’ नको, ती जीवशास्त्रासारखी वाटते.

हा शब्द इतका महत्त्वाचा का? कारण इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये ‘रुंदी २० कॅरेक्टर्स’ असं सर्रास लिहिलेलं असतं, आणि त्याचं भाषांतर ‘२० अक्षरं’ केलं की मराठी वाचकाची फसगत होते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक घर, हिशोब सरळ आहे. देवनागरीत तसं नाही. ‘पुढे’ आणि ‘मागे’ ही दोन लेबलं घ्या. दोन्ही आपल्या मोजणीने दोन अक्षरी. युनिकोडच्या मोजणीने दोन्ही चार-चार चिन्हांची: व्यंजन, मात्रा, व्यंजन, मात्रा. घरं मात्र वेगळी भरू शकतात. घरं मोजण्याच्या एका जुन्या आणि फार पसरलेल्या पद्धतीत उकार, एक मात्रा आणि हलन्त ही चिन्हं शून्य घरांची धरतात, तर काना आणि वेलांट्या यांना एकेक घर देतात. त्या हिशोबाने ‘पुढे’ दोन घरांत मावतं आणि ‘मागे’ला तीन लागतात. काही नव्या लायब्ररी कान्यालाही शून्यच धरतात. ‘रद्द’मध्ये जुना हिशोब र, द, द अशी तीन घरं मोजतो, आणि जोडाक्षर नीट जुळलं तर आकार दोन घरांतही बसतो.

लायब्ररीची मोजणी आणि टर्मिनलाची मोजणी जुळली नाही की नेमकं काय बिघडतं? त्या ओळीवरची उजवी कड एका घराने आत किंवा बाहेर सरकते. वर-खालच्या ओळी सरळ, आणि मधली एकच वाकडी. रूप ठरवणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावं. मराठी लेबलांच्या विजेटाला चारी बाजूंनी चौकट देण्यापेक्षा नुसती डावी कड द्यावी किंवा खाली रेघ ओढावी. मोजणी चुकली तरी ती वाकडी दिसत नाही. आणि मार्गदर्शिकेत रुंदी सांगताना ‘२० घरं’ असंच लिहावं, ‘२० अक्षरं’ कदापि नको.

वरच्या परिच्छेदात ‘कड’ आणि ‘चौकट’ हे शब्द जाणूनबुजून वेगळे वापरले आहेत. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘बॉर्डर’ चालतं. मराठीत एका बाजूची ती कड, चारी बाजूंची मिळून ती चौकट. ‘डाव्या बाजूची चौकट’ हे वाक्य वाचूनच चुकीचं वाटतं. आणखी एक लक्षात असू द्या: टर्मिनलावर कड घरं खाते. एका ओळीच्या बटणाला चौकट दिली की ते तीन ओळींचं होतं, आणि २४ ओळींच्या पडद्यावर अशी आठच बटणं एकाखाली एक मावतात.

‘मार्जिन’ आणि ‘पॅडिंग’ मात्र थोडं नाजूक आहे. ‘समास’ हा वहीतला चांगला, जिवंत शब्द हाताशी आहे, म्हणून ‘मार्जिन’ला तो लावून मोकळं व्हावंसं वाटतं. पण वहीचा समास पानाच्या काठाच्या आत आणि मजकुराच्या बाहेर असतो. विजेट म्हणजे पान असं धरलं, तर ती जागा ‘पॅडिंग’ची झाली. ‘मार्जिन’ तर विजेटाच्या कडेपलीकडे असतं. म्हणून नुसता ‘समास’ वापरू नये. ‘आतला समास’ आणि ‘बाहेरचा समास’ असं प्रत्येक वेळी विशेषणासह लिहावं. एक शब्द जास्त होतो, गोंधळ मात्र होत नाही.

राहता राहिलं ‘विजेट’. ते तसंच ठेवावं. इंग्रजीतही त्याला मुळात काही अर्थ नव्हता. १९२४च्या एका अमेरिकी नाटकात कसल्याशा अनाम उत्पादनासाठी तो शब्द आला, आणि १९८०च्या दशकात एमआयटीच्या अथेना प्रकल्पात पडद्यावरच्या घटकांसाठी तो उचलला गेला, कारण इतर सगळ्या शब्दांना आधीचे अर्थ चिकटलेले होते. ज्याची निवडच कोरा म्हणून झाली, त्याचा अर्थ शोधून भाषांतर करण्यात हशील नाही.

व्याकरण मात्र आपलं लावावं. ते विजेट, ती विजेटं, विजेटाला, विजेटांना, ‘घर’सारखंच चालवावं. ‘विजेट्सना’ लिहिलं तर इंग्रजी अनेकवचनावर मराठी प्रत्यय बसतो आणि शब्द दोन्हीकडचा राहत नाही. अनेकवचनी ‘विजेटांना’ हवंच असेल, तर एकवचनी ‘विजेटाला’ आपोआप येतं. ‘प्रोग्रॅमची’, ‘प्रोग्रॅमला’ अशी सामान्यरूपाविना चालणारी रूपं मी वर वापरली आहेत, कारण ती बोलण्यात पक्की झाली आहेत. विजेटाचं अजून तसं काही ठरलेलं नाही. तुमच्या मार्गदर्शिकेत पहिल्या पानापासून ‘विजेटाला’ लिहा आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा.