चौथी लिपी शिकताना

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सेंद्रिय रसायनशास्त्राचा पेपर आणि प्रॅक्टिकल सुरू होणार असल्याचे तुझ्या बाबांकडून कळले, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला हा विषय झेपेल का, ही तुमच्या घरातली काळजीही त्यांच्या बोलण्यातून माझ्यापर्यंत पोहोचली. पीयूसीला (अकरावी-बारावीला) तू या विषयाच्या अभिक्रिया पाठ करून गुण मिळवलेस, हे तूच मागे सांगितले होतेस. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू रोज खानापुराहून बेळगावला येणार. बसवरची कन्नड पाटी तू वाचतेस, पुस्तक इंग्रजी वाचतेस आणि घरातली चिठ्ठी देवनागरीत लिहितेस. म्हणजे अठराव्या वर्षी तीन लिप्या तुझ्या हाताखाली आहेत. सेंद्रिय रसायनशास्त्र ही चौथी लिपी आहे असे समज. चार टोके-कोपरे असलेली एक नागमोडी रेघ फळ्यावर काढून सर म्हणतील की हे ब्यूटेन, आणि त्यात ना कार्बन दिसेल ना हायड्रोजन. तेव्हा आपले ‘क’ हे अक्षर आठवावे. त्यात ‘अ’ लिहिलेला नसतो, तरी आपण तो वाचतो; कन्नडातही तसेच. रेघेच्या प्रत्येक कोपऱ्यावर आणि टोकावर एक कार्बन आहे आणि त्याचे चार बंध पूर्ण होतील इतके हायड्रोजन त्याच्यापाशी आहेत, हे न लिहिता वाचायचे असते. टोकांना तीन-तीन, कोपऱ्यांना दोन-दोन, एकूण दहा. ही मोजणी सवयीची होईपर्यंत पहिले दोन आठवडे प्रत्येक रेघेवर हायड्रोजन पेन्सिलीने भरून पाहा. टिळकवाडीतल्या इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलीलाही ही लिपी मुळाक्षरांपासूनच गिरवावी लागते.

या लिपीतले क्रियापद म्हणजे वक्र बाण. रॉबिन्सन यांनी १९२२ च्या सुमारास तो वापरात आणला आणि आज त्याच्यावाचून हा विषय शिकवताच येत नाही. बाण इलेक्ट्रॉनांच्या जोडीपासून निघतो आणि ती जोडी जिथे जाणार तिथे संपतो. अल्कोहोलवर आम्ल घातले की ऑक्सिजनजवळची मोकळी जोडी हायड्रोजन आयनाकडे जाते, म्हणून बाण ऑक्सिजनपासून काढायचा. पण माझ्या तीस वर्षांच्या अनुभवात निम्म्या उत्तरपत्रिकांमध्ये तो हायड्रोजनपासून निघालेला असे. ज्याच्या कनवटीला दमडी नाही तो उसने काय देणार? बाण काढण्यापूर्वी एवढा प्रश्न विचारलास तरी बऱ्याच चुका टळतील.

प्रतियोजन अभिक्रियांचे, म्हणजे एका गटाच्या जागी दुसरा गट येण्याचे, दोन मार्ग मात्र पाठ करून कधीच बसत नाहीत, ते डोळ्यांपुढे आणावे लागतात. मिथाइल ब्रोमाइडमध्ये मधल्या कार्बनभोवती गर्दी नसते, तेव्हा नवा गट मागच्या दाराने चढतो आणि त्याच क्षणी पुढच्या दाराने ब्रोमीन बाहेर पडते. दोन्ही गोष्टी एकाच ठोक्यात होतात, म्हणून वेग दोघांच्याही प्रमाणावर ठरतो. टर्शरी ब्यूटाइल ब्रोमाइडमध्ये मात्र त्या कार्बनभोवती तीन गटांची गर्दी असते; ती सकाळची कॉलेजची बसच. तिथे एक उतरल्याशिवाय दुसऱ्याला पाय ठेवायला जागा नाही, आणि खाली कितीही माणसे उभी असली तरी वेग ठरतो तो उतरणाऱ्याच्या संथपणावर. उपमा इथेच सोडावी, कारण रेणूंना घाई नसते. पण कोणता मार्ग कुठे आणि का, हे तुला आता गाइड न उघडता सांगता यायला हवे.

कागद सपाट आहे आणि रेणू सपाट नाहीत, ही या लिपीची मोठी अडचण. विकतचे मॉडेल नसेल तर कणकेच्या गोळ्या आणि खराट्याच्या काड्या घे, मधल्या गोळीत चार काड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर खोच आणि टोकांना चार वेगळ्या रंगांच्या गोळ्या लाव. मग आरशातली तिची प्रतिमा दुसऱ्या कणकेत कर आणि दोन्ही एकमेकींवर बसवून पाहा. बसणार नाहीत. हा खेळ वाटेल, पण पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपाचा वास यांतला मुख्य फरक एवढाच आहे: दोन्हींत कार्व्होन हाच रेणू आहे, तेच अणू, तेच बंध, फक्त एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा.

आता प्रॅक्टिकलविषयी. लोक लॅबला सोपे गुण समजतात आणि सीनियरचे रेकॉर्ड, म्हणजे प्रयोगांची वही, उतरवून काढतात; माझ्या मते या विषयात त्याहून मोठे नुकसान दुसरे नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना ॲस्पिरिन तयार करण्याच्या प्रयोगात दोन ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल घेतले होते. त्यापासून हिशेबाने जास्तीत जास्त २.६१ ग्रॅम ॲस्पिरिन मिळू शकते. माझे भरले २.९ ग्रॅम, आणि एकशे अकरा टक्के उत्पादन मी अभिमानाने लिहून दिले. सरांनी फक्त विचारले, “पाणी किती ग्रॅम?” बेळगावच्या पावसाळ्यात स्फटिक एका रात्रीत वाळत नाहीत, तेव्हा दोनदा वजन कर, आणि दोन्ही वजने सारखी येईपर्यंत आकडा लिहू नकोस. त्याच दमट हवेत, सॅलिसिलिक आम्लाचे ॲस्पिरिन करणाऱ्या ॲसिटिक ॲनहायड्राइडची बाटली उघडी राहिली तर ते ओलावा घेऊन ॲसिटिक आम्ल होत जाते आणि उत्पादन घटते. त्यामुळे बाटलीचे बूच लगेच लावणे हा प्रयोगाचाच भाग आहे. शेवटी फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून बघ: जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक आम्ल अजून शिल्लक आहे, पुन्हा स्फटिकीकरण करावे लागेल.

पुस्तकातला आकडा आणि तुझा आकडा वेगळा आला की हात थरथरतो आणि पुस्तकातलाच लिहावासा वाटतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी १०० अंशांना नव्हे, अंदाजे ९७ ते ९८ अंशांना उकळते. तरी वर्षानुवर्षे शेकडो रेकॉर्डांत शंभर लिहिलेले मी वाचले आहे. ज्याने ९७.५ लिहिले त्याने थर्मामीटर पाहिला होता, एवढे तपासणाऱ्याला तिथल्या तिथे कळते. द्रवणांकाला, म्हणजे पदार्थ वितळण्याच्या तापमानाला, या उंचीची सबब मात्र चालणार नाही. ॲस्पिरिन १३५ अंशांच्या आसपास वितळायला हवे. त्याच्या बरेच आधी वितळू लागले आणि बराच वेळ वितळतच राहिले तर ते अशुद्ध आहे. द्रवणांक जवळ आला की आच इतकी मंद ठेव की मिनिटाला एक-दोन अंशच चढावेत.

सावधगिरीचे थोडक्यात: चष्मा, बंद बूट, बांधलेले केस आणि खोचलेली ओढणी. इथेनॉल थेट ज्योतीवर तापवायचे नाही. मूलद्रव्य-चाचणीतले सोडियम रॉकेलमधून काढून टिपकागदाने कोरडे करायचे आणि उरलेला तुकडा बेसिनमध्ये कधीही टाकायचा नाही. शंका आली तर अटेंडरना विचार. ते कन्नडात सांगतील, पण कोणत्या बाटलीला कसा हात लावायचा हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

इंग्रजीची भीती राहतेच. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा आणि उजव्या पानावर स्वतःच्या मराठीत तिचा अर्थ लिही. पुस्तकी प्रतिशब्दच हवा असे नाही, तुला कळेल असे वाक्य पुरे. वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, शब्द अडला तर कागद मागून घे आणि बाण काढून दाखव. मी परीक्षक म्हणून बसत असे तेव्हा बरोबर काढलेल्या बाणाला अडखळत्या इंग्रजीसाठी कधी गुण कापले नाहीत.

पहिल्या प्रॅक्टिकलनंतरच्या रविवारी घरी ये. सुबक रेकॉर्ड नको, डाग पडलेले आणि खाडाखोड केलेले ऑब्झर्वेशन बुक आण. आईकडे बाळंतशेपा असेल तर चिमूटभर पुडीत बांधून घे. पुदिना आमच्या कुंडीत आहे.

अनेक आशीर्वाद.
तुझे सर