संसदेला दुसऱ्या सभागृहाची खरंच गरज आहे का?

दिल्लीत आहे. मुंबईत, म्हणजे विधान परिषदेची, मला तरी वाटत नाही.

वरिष्ठ सभागृह म्हणजे जाणत्या, विद्वान लोकांचं सभागृह, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं आधी बाजूला ठेवा. जून 2022 मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी धनंजय महाडिक आणि संजय पवार असे आमच्या कोल्हापूरचेच दोघे समोरासमोर होते, आणि मतं देणारे आमदार मुंबईच्या हॉटेलांत. विद्वत्तेचा विषय कुठे निघालाच नाही.

उपयोग दुसराच आहे. राज्यसभा विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य बदलतात. त्यामुळे एका लाटेत लोकसभा जिंकली म्हणून राज्यसभा लगेच हाताला लागत नाही. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठक घेता येते (आजवर तीनदाच झाली), घटनादुरुस्तीला ती वाट नाही.

संस्थानिकांच्या तनख्यांचं बघा, म्हणजे संस्थानं विलीन झाल्यावर राजांना सरकारकडून दरवर्षी मिळणाऱ्या रकमेचं. कोल्हापूर संस्थान 1949 ला विलीन झालेलं, त्यामुळे इथे हा विषय घरचा. सप्टेंबर 1970 मध्ये तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली आणि राज्यसभेत अडकली. बाजूने 149, विरोधात 75. दोन तृतीयांशाला एक मत कमी! सरकारने मग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यताच काढली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात तो आदेश रद्द केला. शेवटी इंदिरा गांधी 1971 ची निवडणूक जिंकून आल्या आणि त्याच वर्षी 26 व्या घटनादुरुस्तीने तनखे गेले. ते जायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. (गावात काही जणांना हे आवडणार नाही.) पण एवढी मोठी गोष्ट निवडणुकीतून तावून सुलाखून झाली, हे त्या एका मताचं देणं.

विधान परिषदेला असं काही अडवताच येत नाही. विधेयक आधी तीन महिने, मग एक महिना लांबवता येतं, बस्स. 78 जागांपैकी 22 स्थानिक संस्थांच्या, आणि तिथले मतदार, म्हणजे नगरसेवक वगैरे, निवडणुकीआधी सहलीला जातात हे कोणाला ठाऊक नाही? रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे परिषदेचेच सभापती होते, ते मान्य. पण तमिळनाडूने 1986 ला परिषद बंद केली, काही अडलं नाही.

राज्यसभेत मला बदल हवा तो धन विधेयकाच्या बाबतीत. म्हणजे कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या विधेयकाच्या; त्यावर राज्यसभा फक्त दुरुस्त्या सुचवू शकते, अडवू शकत नाही. 2016 चा आधार कायदा धन विधेयक म्हणून आणला गेला. राज्यसभेने दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्या त्याच दिवशी फेटाळल्या. विधेयक धन विधेयक आहे की नाही हे एकटे लोकसभा अध्यक्ष ठरवतात. तो अधिकार दोन्ही सभागृहांच्या समितीकडे द्यावा.