एनर्जी की पॉवर? आधी सिग्नलचं शेपूट बघा

सिग्नल एनर्जी सिग्नल आहे (एनर्जी, म्हणजे सिग्नलच्या वर्गाचं सगळ्या काळावरचं इंटिग्रल, मर्यादित) की पॉवर सिग्नल (पॉवर, म्हणजे त्याच वर्गाची काळावरची सरासरी, मर्यादित पण शून्य नाही), हे ठरवताना इंटिग्रल मांडायची घाई करू नका. काळ अनंताकडे गेला की सिग्नलचं काय होतं, ते आधी बघा. एकच पल्स येऊन संपली किंवा एक्स्पोनेन्शियल झपाट्याने विरला, तर एनर्जी मर्यादित राहते आणि सरासरी पॉवर शून्य होते. साइन कायम चालूच राहते, त्यामुळे तिची एनर्जी अनंत, पण पॉवर अ‍ॅम्प्लिट्यूडच्या वर्गाच्या निम्मी; अ‍ॅम्प्लिट्यूड 4 असेल तर 8.

युनिट स्टेप म्हणजे शून्य वेळेआधी 0 आणि नंतर कायम 1 असलेला सिग्नल; त्याची पॉवर बरेच जण 1 लिहून मोकळे होतात. सरासरी उणे बाजूचा काळ धरूनच काढायची असते आणि तिथे सिग्नल शून्य आहे, म्हणून उत्तर 1/2.

आता खरी मेख. ‘शून्याकडे जातो म्हणजे एनर्जी सिग्नल’ हे गृहीत धरू नका. 1 सेकंदानंतर सुरू होणारा ‘एक भागिले वर्गमूळ टी’ घ्या. वर्ग केला की एक भागिले टी, त्याचं इंटिग्रल लॉग, म्हणजे एनर्जी अनंत. पण लॉग इतका हळू वाढतो की काळाने भागल्यावर पॉवर शून्यच येते. हा दोन्हींत बसत नाही. रॅम्प, म्हणजे काळाबरोबर एकसारखा वाढत जाणारा सिग्नल, तोही बसत नाही, तिथे तर दोन्ही अनंत. परीक्षेत ‘यापैकी नाही’ हा पर्याय बहुधा अशांसाठीच असतो.